बेडरूम किती, ते माती ठरवते

नॉर्थ कॅरोलायनात कॅरी-मॉरिसव्हिलची घरं आवाक्याबाहेर गेली, की आपली मंडळी चॅटम कौंटीकडे प्लॉट बघू लागतात. जमीन ऐसपैस, झाडी भरपूर; पण बऱ्याच ठिकाणी ड्रेनेजची लाइन नाही. घरातलं सांडपाणी टाकीतून जमिनीतल्या चरांमध्ये सोडून आपल्याच आवारात जिरवायचं, म्हणजे सेप्टिक सिस्टिम घालायची, आणि त्याची परवानगी कौंटीच्या आरोग्य खात्याकडून घ्यायची. घराचा प्लॅन त्यानंतर.

आम्ही अर्जासोबत नकाशा दिला, हद्दीला फिती बांधल्या, झुडपं तोडून वाट केली. मग तपासनीस आले. हातात गिरमिट. ते चार फुटांपर्यंत फिरवत नेलं आणि दर काही इंचांची माती गवतावर ओळीने मांडली. त्यातली चिमूटभर माती बाटलीतल्या पाण्याने भिजवून मळली आणि अंगठ्याने तर्जनीवरून पुढे ढकलत तिची पट्टी काढली. पट्टी न तुटता जितकी लांब निघेल तितकी माती चिकण, आणि पाणी तितकं सावकाश जिरणार. नंतर रंगांच्या नमुन्यांचं पुस्तक उघडून त्यांनी एकेक ढेकूळ त्याच्याशी ताडून पाहिलं. लाल-पिवळी माती म्हणजे हवा खेळती. करडे ठिपके दिसले की समजायचं, ओल्या मोसमात इथवर पाणी साचतं. तपासणीच्या दिवशी खड्डा कोरडा असला तरी उपयोग नाही. चराचा तळ त्या ठिपक्यांच्या किमान 12 इंच वर हवा. आमच्या प्लॉटची खालची बाजू इथेच बाद झाली.

या भागात ट्रायासिक खोऱ्याचा एक पट्टा आहे. तिथली माती दिसायला लाल, पण स्वभाव आपल्या काळ्या मातीचा: पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिथे साध्या सेप्टिक सिस्टिमला परवानगी मिळणं कठीण. आमचा प्लॉट या पट्ट्याच्या बाहेर होता, म्हणून निभावलं.

पुढे सगळा हिशेब. इथे माणसं मोजत नाहीत, बेडरूम मोजतात. एका बेडरूममागे रोज 120 गॅलन सांडपाणी. आमच्या मातीला पाणी जिरवण्याचा दर मिळाला चौरस फुटामागे दिवसाला 0.3 गॅलन. चार बेडरूमचे 480 गॅलन, म्हणजे 1600 चौरस फूट. तीन फूट रुंदीचे चर धरले तर 533 फूट लांबी. शिवाय पुढेमागे सिस्टिम बिघडली तर नवी घालायला राखीव जागा सोडायची आणि बोअरवेलपासून ठरलेलं अंतर ठेवायचं. एवढं काही बसेना. तीन बेडरूमना 400 फूट लागत होते, ते बसले. आईबाबा आले की लागणारी चौथी खोली कागदावरून गेली.

परवानग्या तीन. पहिली सांगते की जागा योग्य आहे. दुसरी सिस्टिम बांधायला मुभा देते, आणि ती हाती आल्याशिवाय घराचं बिल्डिंग परमिट निघत नाही. टाकी-चर घालून झाले, की माती लोटण्याआधी तपासणी होते आणि मग तिसरी, वापराची.

तेव्हा प्लॉट आवडला तरी सही करण्याआधी करारात एक अट घालून घ्या: हव्या तितक्या बेडरूमची सेप्टिक परवानगी मिळाली तरच व्यवहार पक्का. विकणारा या अटीला तयार नसेल, तर दुसरा प्लॉट बघा.