गिनीपिगचं दुखणं दाढेत, औषध वैरणीत

कबनूर-इचलकरंजी पट्ट्यात म्हैस पाळणाऱ्याला वैरणीचं महत्त्व वेगळं सांगावं लागत नाही. गिनीपिग पाळणाऱ्याला मात्र सांगावं लागतं. पिंजऱ्यातल्या या पाहुण्याला दाणे, बिस्किटं, पोळीचे तुकडे कौतुकानं भरवले जातात आणि दातांच्या बहुतेक तक्रारी तिथूनच सुरू होतात.

गैरसमज : पुढचे दात नीट दिसले की तोंड नीट.
वस्तुस्थिती : गिनीपिगला २० दात असतात. समोर वर दोन, खाली दोन, सुळे नाहीतच. उरलेल्या १६ दाढा गालाआड लपलेल्या असतात. सगळे दात जन्मभर वाढतात. खालच्या दाढा मुळातच आत कललेल्या असतात. त्या झिजल्या नाहीत तर दोन्हीकडून जिभेवर येऊन कमान धरतात. मग जीभ अडकते आणि समोर चारा असूनही जनावर उपाशी राहतं. पुढचे दात लांबलेले दिसतात, त्याचंही मूळ अनेकदा मागच्या दाढांतच असतं.

गैरसमज : कुरतडायला लाकूड दिलं की दात झिजतात.
वस्तुस्थिती : लाकडानं झिजले तर पुढचे दात झिजतात. दाढा झिजतात त्या गवत चघळून. गवताच्या पात्यात सिलिका असते आणि ते बारीक व्हायला बराच वेळ रवंथल्यासारखं दळावं लागतं. दाणा दोन चाव्यांत फुटतो, दाढेला काम उरत नाही. म्हणून आहाराचा मोठा हिस्सा गवताचाच हवा आणि पिंजऱ्यात ते रात्रंदिवस असावं.

गैरसमज : म्हशीला चालतं ते यालाही चालतं.
वस्तुस्थिती : हरळी आणि चांगलं वाळवलेलं, बुरशी नसलेलं गवत उत्तम. लसूणघासात कॅल्शियम जास्त असतं. तो पिलांना आणि गाभण मादीला चालतो, मोठ्यांना रोज दिल्यास मूतखड्याचा धोका. कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, तेव्हा ती यालाही नकोच. बांधावरचं गवत आणताना तिथं तणनाशक मारलंय का, ते आधी विचारावं.

गैरसमज : जीवनसत्त्व क फक्त माणसाला लागतं.
वस्तुस्थिती : कुत्रा, मांजर, ससा ते शरीरात तयार करतात, गिनीपिगला आपल्यासारखंच ते खाण्यातून मिळवावं लागतं. नॉर्वेत होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांनी १९०७ मध्ये निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही, म्हणजे याच जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रोग, झाल्याचं दाखवलं होतं. या कमतरतेनं दात धरून ठेवणारे तंतू कमजोर होतात आणि दात हलतात. निरोगी गिनीपिगला वजनाच्या किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम पुरतं. बिया काढलेल्या पेरूची बोटाच्या पेराएवढी फोड किंवा ढोबळी मिरचीचा तुकडा, एवढ्यावर भागतं. जीवनसत्त्व क चे थेंब पिण्याच्या पाण्यात टाकू नयेत. तिथं हे जीवनसत्त्व लवकर नष्ट होतं.

गैरसमज : वाढलेला दात घरीच नेलकटरनं कापावा.
वस्तुस्थिती : दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत गेली तर पू होतो. मागच्या दाढा तर घरी दिसतही नाहीत. पशुवैद्यक भूल देऊन त्या घासतात, गरज पडल्यास एक्स-रे काढतात. घरातली अ‍ॅमॉक्सिसिलिनची गोळी तर मुळीच देऊ नये. तिनं आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि गिनीपिग दगावू शकतो.

गैरसमज : ताट वाजलं की धावत येतो, म्हणजे दात ठणठणीत.
वस्तुस्थिती : भूक असते, चावता येत नसतं. तो घास उचलतो, तोंडात घोळवतो आणि टाकून देतो. कडक सोडून मऊ तेवढंच खातो. हनुवटी लाळेनं ओली राहते, डोळ्यांतून पाणी येतं. यातलं काही दिसण्याआधी वजन उतरतं. म्हणून दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर त्याचं वजन करून लिहून ठेवावं. पन्नास-साठ ग्रॅम उतरलं तर दवाखाना गाठावा. मात्र तिथं ससे-गिनीपिग तपासतात का, हे आधी फोन करून विचारावं. सातारा जिल्ह्यात शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथंही चौकशी करता येईल. खाणं पूर्ण थांबलं असेल तर मात्र उद्याची वाट पाहू नये. याचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. दिवसभराचा उपास त्याच्या जिवावर बेतू शकतो.