गटकार्यातून उत्पादन-डिझाइनचे अध्यापन : बेळगाव-निपाणी सीमाभागाच्या संदर्भात

प्रस्तावना

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला गणिते सोडविता येतात, आराखडे वाचता येतात आणि प्रयोगशाळेतील चाचण्याही करता येतात. परंतु 'या माणसाची ही अडचण दूर करणारी वस्तू तयार करा' असे सांगितले की तो गोंधळतो. कारण तेथे उत्तर एकच नसते, प्रश्नही पूर्ण दिलेला नसतो आणि काम एकट्याने होत नाही. प्रस्तुत लेखात गटाने उत्पादन-डिझाइन करण्याचे शिक्षण कसे द्यावे, याचे सीमाभागाच्या संदर्भात विवेचन करण्यात आले आहे.

पार्श्वभूमी

उत्पादन-डिझाइनचा इतिहास या भागाला नवीन नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान सुरू केले व पुढे तेथेच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यामुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. तेथे शंभूराव जांभेकरांसारखे अभियंते, हिशेब सांभाळणारे मंगेशराव रेगे आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेले पण कल्पक असे अनंतराव फळणीकर एकत्र आले. वस्तू उत्तम असणे पुरेसे नाही, ती वापरणाऱ्याचे मन जाणले पाहिजे. आणि निरनिराळ्या गुणांची माणसे एकत्र आली पाहिजेत, हे दोन्ही धडे या उदाहरणातून मिळतात.

आज बेळगाव हे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे. हे विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. गोगटे तंत्रज्ञान संस्था १९७९ पासून येथे कार्यरत आहे. उद्यमबागेतील ओतशाळा व यंत्रभागांचे कारखाने जवळच आहेत. भारत २०१४ मध्ये वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला. त्यानंतर पदवीधराकडून अपेक्षित असलेल्या गुणांमध्ये डिझाइन-क्षमता आणि गटात काम करण्याची क्षमता यांना औपचारिक स्थान मिळाले. विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासक्रमात 'इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग' हा एका श्रेयांकाचा विषय पहिल्या वर्षासाठी आला. हुबळीच्या के. एल. ई. तंत्रज्ञान विद्यापीठात प्रथम वर्षाला 'इंजिनिअरिंग एक्सप्लोरेशन' हा प्रकल्पाधारित विषय शिकविला जातो. म्हणजेच विषयाला जागा मिळाली आहे. प्रश्न तो कसा शिकवावा हा आहे.

एक उदाहरण : बिडी वळणारी स्त्री

निपाणी हे तंबाखूच्या वखारींचे आणि बिडी उद्योगाचे गाव. येथील अनेक घरांत, त्यांत मोठ्या संख्येने मुस्लिम कुटुंबांत, स्त्रिया मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बिड्या वळतात. मजुरी हजारामागे मिळते. पाठ, मान व बोटे दुखतात, तंबाखूची धूळ नाकातोंडात जाते. हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या गटाला दिला, तर पहिली कल्पना बहुधा बिडी वळणाऱ्या यंत्राची निघेल. तांत्रिक दृष्ट्या ती आकर्षक आहे, पण त्या यंत्राने त्याच स्त्रीची मजुरी जाईल. म्हणून अध्यापनाचा पहिला टप्पा उत्तराचा नसून गरज शोधण्याचा असतो. समस्या बिडी हळू वळली जाते ही आहे, की पाठ दुखते ही आहे, हे तिला विचारल्याशिवाय व तिचे काम पाहिल्याशिवाय ठरविता येत नाही.

दुसरा टप्पा अपेक्षा मोजता येतील अशा लिहिण्याचा. उदाहरणार्थ, बैठक-स्टँड तयार करावयाचा असेल तर त्याची किंमत किती असावी, लहान खोलीत तो दुमडून ठेवता यावा, एका हाताने उचलता यावा आणि तासाला वळल्या जाणाऱ्या बिड्यांची संख्या कमी होऊ नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची, कारण मजुरी घटली तर आरामदायी स्टँड कोपऱ्यात पडून राहील.

तिसऱ्या टप्प्यात प्रत्येकाने प्रथम एकट्याने रेखाटने करावीत आणि नंतरच ती एकत्र मांडावीत. सुरुवातीलाच चर्चा केली तर मोठ्याने बोलणाऱ्याची कल्पना टिकते. मग सर्व कल्पनांची तुलना सध्याच्या पद्धतीशी, म्हणजे मांडीवरच्या सुपाशी, एकेका निकषावर अधिक, उणे किंवा समान अशी करावी. स्टुअर्ट प्यू यांनी मांडलेली ही तक्ता-पद्धत सोपी असून निवडीचे कारण लेखी राहते. चौथ्या टप्प्यात पुठ्ठा, बांबू, प्लायवूड यांचा स्वस्त नमुना करून तो त्या स्त्रीला पूर्ण बैठकभर वापरण्यास द्यावा. दोष तेथेच कळतात व सुधारणा करता येते.

गटाची रचना

गट चार ते पाच जणांचा असावा आणि तो शिक्षकाने करावा. मित्रांनी स्वतः केलेल्या गटात एकाच भाषेची, एकाच गावाची मुले येतात. सीमाभागात वर्गात कन्नड, मराठी व उर्दू माध्यमांतून आलेले विद्यार्थी असतात आणि अध्यापन इंग्रजीत होते. इंग्रजीच्या भीतीने हुशार विद्यार्थीही गप्प बसतो. चर्चा कोणत्याही भाषेत व्हावी, अहवाल मात्र इंग्रजीत असावा, अशी मुभा दिल्यास तो बोलू लागतो. वरील उदाहरणात तर घरातील स्त्रीशी तिच्या भाषेत बोलणारा विद्यार्थीच गटाचा आधार ठरतो.

विद्यार्थिनींच्या बाबतीत विशेष दक्षता हवी. अहवाल लिहिणे मुलींकडे आणि कार्यशाळेतील काम मुलांकडे, अशी विभागणी नकळत होते. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्मार्ट इंडिया हॅकेथॉनमध्ये सहा जणांच्या गटात किमान एक विद्यार्थिनी आवश्यक असते; परंतु केवळ उपस्थिती म्हणजे सहभाग नव्हे. समन्वयक, नोंदकर्ता, निर्मिती-प्रमुख व चाचणी-प्रमुख या भूमिका दर तीन आठवड्यांनी बदलाव्यात.

मतभेद होणे हे गट बिघडल्याचे लक्षण नाही. ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये दाखविल्याप्रमाणे गट जमणे, संघर्ष, नियम रुळणे आणि कार्यक्षमता अशा अवस्थांतून जातो. शिक्षकाने संघर्षाच्या वेळी निर्णय न देता, गटाने आरंभी लिहिलेल्या नियमांकडे त्यांचे लक्ष वेधावे. परस्परांच्या सल्ल्याने काम करण्याची, म्हणजेच मशवऱ्याची शिकवण समाजात आहेच. तिला येथे शिस्तीचे रूप द्यावयाचे आहे.

मूल्यमापन

सर्वांना समान गुण दिले तर काम करणारा नाउमेद होतो व न करणारा निर्धास्त राहतो. यावर सहकारी-मूल्यांकनाचा उपाय आहे. समजा, प्रकल्पाला ५० पैकी ४० गुण मिळाले. चौघांना सहकाऱ्यांनी पाचपैकी सरासरी ४.४, ४.०, ४.० व ३.६ गुण दिले. गटाची सरासरी ४.० येते. प्रत्येकाची सरासरी तिने भागून ४० ने गुणल्यास अनुक्रमे ४४, ४०, ४० व ३६ गुण होतात. हे मूल्यांकन गुप्त असावे, प्रत्येक गुणामागे कारण लिहून घ्यावे आणि सत्राच्या मध्यावर एकदा गुण न धरता करावे, म्हणजे सुधारण्यास संधी मिळते. शिवाय प्रत्येकाची स्वतंत्र नोंदवही तपासावी. अयशस्वी नमुन्याची प्रामाणिक नोंद असेल तर तिला गुण द्यावेत. अन्यथा बाजारातून तयार प्रकल्प विकत आणण्याची वृत्ती वाढते.

निष्कर्ष

या पद्धतीला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. शिक्षकाचा वेळ मात्र लागतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात बारा ते पंधरा गट होतात आणि प्रत्येकाला आठवड्यातून पंधरा मिनिटे द्यावयाची तर तीन ते पावणेचार तास होतात. व्यवस्थापनाने हा वेळ अध्यापनभारात धरल्याशिवाय उपक्रम टिकणार नाही. तसेच शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पापर्यंत न थांबता पहिल्या वर्षापासून लहान प्रश्न द्यावेत. वखार, ओतशाळा, ऊसमळा आणि बिडी वळणारे घर हीच सीमाभागाची प्रयोगशाळा आहे. तेथील माणसाला विचारून वस्तू घडविण्यास विद्यार्थी शिकले, तर पदवीचा उपयोग त्यांच्या नोकरीपुरता न राहता ज्या समाजातून ते आले त्यालाही होईल.