मंगोलिया : दोन बलाढ्यांच्या मधोमध

● शेजारी : उत्तरेला रशिया, दक्षिणेला चीन. समुद्रकिनारा नाही.
● स्थित्यंतर : १९९० मध्ये एकपक्षीय कम्युनिस्ट राजवट संपली. १९९२ मध्ये नवी राज्यघटना आली आणि रशियन फौजाही पूर्णपणे माघारी गेल्या.
● अवलंबित्व : बहुतांश निर्यात (मुख्यतः कोळसा, तांबे) चीनला, इंधन प्रामुख्याने रशियाकडून.
● ‘तिसरा शेजारी’ धोरण : तोल सांभाळण्यासाठी अमेरिका, जपान, दक्षिण कोरिया, युरोपीय संघ आणि भारताशी जवळीक.
● अण्वस्त्रमुक्त : १९९२ मध्ये घोषणा, २००० मध्ये कायदा.
● मर्यादा : २०१६ मध्ये दलाई लामा येऊन जाताच चीनने कर्जाची बोलणी थांबवली.
● भारत : २०१५ मध्ये पंतप्रधान मोदींच्या भेटीत १ अब्ज डॉलरचे कर्जसाहाय्य जाहीर, त्यातून दोर्नोगोवी प्रांतात तेलशुद्धीकरण प्रकल्प.