मोबाइलवरील बंधने आणि कावेरीकाठचा शेतकरी

तंजावर जिल्ह्यातील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै भाताची लागवड मेट्टूर धरणातून परंपरेने १२ जूनला सोडल्या जाणाऱ्या पाण्यावर होते. शेतीविषयक माहिती देणारे 'उळवन' हे तमिळनाडू शासनाचे ॲप २०१८ मध्ये सुरू झाले; सरकारी खरेदी केंद्रावरील भाताची रक्कमही बँक खात्यात जमा होते. त्यामुळे मोबाइलवरील बंधने काढण्याचा प्रश्न येथे केवळ हौसेचा राहत नाही.

प्रणालीवरील सर्वोच्च अधिकार उत्पादक कंपनी स्वतःकडे राखते. तो मिळवणे म्हणजे अँड्रॉइडवर 'रूटिंग', आयफोनवर 'जेलब्रेक'. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड संचांवर तमिळ (आणि देवनागरीही) मजकुराच्या जागी चौकोन दिसत. रूटिंग करून फाँट बसवता येई. लाभ खराच होता. नव्या संचांत भारतीय लिप्या मुळातच असल्याने ती गरज आता उरलेली नाही. कायदाही तुलनेने सौम्य आहे: प्रताधिकार कायद्यात २०१२ मध्ये समाविष्ट झालेले कलम ६५-अ प्रताधिकारभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणाऱ्यास शिक्षा सांगते.

धोका मात्र वाढला आहे. प्रणाली प्रत्येक ॲपला स्वतंत्र कप्प्यात ठेवते. सर्वोच्च अधिकार घातक ॲपच्या हाती पडल्यास ते इतर कप्पेही उघडू शकते. म्हणून अनेक बँकांची ॲप अशा संचावर चालतच नाहीत आणि भाताचे पैसे जमा झाले का, हे पाहण्यासाठी शेतकऱ्याला पुन्हा शाखा गाठावी लागते.