ओहोटीला येणार का?

मित्रांनो, अर्नाळ्याला आपण जातो ते भटकायला. पुढच्या वेळी मोबाईल जरा वाळूकडे वळवा! २०१७ मध्ये ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’च्या हौशी मंडळींनी हेच सुरू केलं. ओहोटीला दिसेल त्या जिवाचा फोटो, जागा-तारखेसह ‘आयनॅचरलिस्ट’वर. नाव ठाऊक नसलं तरी चालतं, तिथले जाणकार ओळखतात.

माझ्या मते खरे जाणकार आपले कोळीदादा. २०१८ साली सरकारने योजना आणली: जाळ्यातलं कासव सोडा, फोटो द्या, फाटलेल्या जाळ्याची भरपाई घ्या, कमाल २५,००० रुपये. म्हणजे तीही नोंदच! आपण फोटो काढू, ते ओळख सांगतील. वसईच्या खाडीतल्या निवट्या आज नोंदल्याच नाहीत, तर उद्या कमी झाल्या हे दाखवणार कशावरून?

अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी लांब जातं. उलटलेला दगड मात्र पुन्हा तसाच ठेवा.