पियानोचा मेंदू, रांगत्याच्या हाताशी

बोटही न लागता पियानोच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या खाली-वर होऊ लागल्या, की मोठी माणसं पट्ट्यांकडे टक लावून बघतात. रांगतं मूल मात्र थेट पियानोखाली शिरतं. त्याच्या दृष्टीने खरी गंमत तिथेच असते. दिवे लुकलुकत असतात, वायरी लोंबत असतात आणि पायाजवळचं पितळी पेडल आपोआप हलत असतं.

पियानोच्या तारा, हातोड्या, डँपर या नाजूक गोष्टी पहिल्यापासून लाकडी पेटीच्या आत, मुलांच्या हातांपासून दूर राहिल्या. आपोआप वाजणाऱ्या पियानोत इलेक्ट्रॉनिक्स आलं, तेव्हा पेटीत जागा उरली नव्हती. म्हणून त्याचा बराचसा पसारा पट्ट्यांखालच्या जाड फळीला, खालच्या अंगाने लटकला. मोठ्यांच्या गुडघ्याची ही उंची नेमकी रांगत्या मुलाच्या डोळ्यांची.

शंभर वर्षांपूर्वीच्या पायाने चालणाऱ्या ‘पियानोला’त, म्हणजे तेव्हाच्या आपोआप वाजणाऱ्या पियानोत, वीज नव्हती. पायाने भाता मारायचा, कागदी गुंडाळीतल्या भोकांतून हवा ओढली जायची आणि त्या ओढीने पट्टी दाबली जायची. 1908 साली अमेरिकेतल्या बफेलो इथे उत्पादकांनी गुंडाळीची रुंदी सव्वाअकरा इंच ठरवली, तेव्हापासून कोणाचीही गुंडाळी कोणाच्याही पियानोवर चालू लागली. पोरांनी तेव्हाही नुकसान केलंच असणार. पण फाटलेला कागद चिकटवता यायचा आणि भोकांत अडकलेला कचरा हातपंपाने ओढून काढता यायचा.

आताचं नुकसान वेगळ्या जातीचं आहे. यामाहाचा आपोआप वाजणारा पियानो, डिस्क्लाव्हिअर, 1987 मध्ये अमेरिकेच्या बाजारात आला. त्यात पट्टीच्या मागच्या टोकाखाली सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा छोटा दांडा असतो. वीज मिळाली की तो मागचं टोक वर ढकलतो, पुढचं टोक खाली जातं आणि हातोडी तारेवर पडते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांना अठ्ठ्याऐंशी सोलेनॉइड, शिवाय पेडलसाठी वेगळे. वादकाने पट्टी किती जोरात दाबली, हे टिपायला प्रकाशावर चालणारे सेन्सर. साध्या पियानोला नंतर बसवल्या जाणाऱ्या संचांत तर तंत्रज्ञ खालची फळी कापून सोलेनॉइडची ओळ बसवतो आणि वर झाकण लावतो. हे झाकण सैल असेल, तर मुलाला ते उघडायला कितीसा वेळ लागणार?

बऱ्याच जुन्या ग्रँड मॉडेलांत डावीकडे खाली एक नियंत्रण-पेटी लटकते आणि तिच्यात फ्लॉपीची फट असते. नाणं, बिस्किटाचा तुकडा, खेळण्यातला पत्ता असं सगळं त्या फटीत मावतं. यावर चांगला उपाय म्हणजे फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्या जागी पेन ड्राइव्ह घेणारा एम्युलेटर बसवून घेणं. फट जाते, आणि फ्लॉपी शोधत फिरण्याचा तापही. पेन ड्राइव्ह मात्र अगदी आखूड घ्यावा. बाहेर आलेलं टोक म्हणजे मुलाला आयती मूठ.

ही नियंत्रण-पेटी झाकायची तर पुढून पारदर्शक ॲक्रिलिकचं दार लावावं, पण बाजू मोकळ्या ठेवाव्यात. पेटी, वीजपुरवठ्याचा भाग आणि सोलेनॉइड हे सगळेच तापतात. त्यामुळे चादर गुंडाळणं किंवा चिकटपट्टीने जाळ्या बुजवणं म्हणजे मुलापासून वाचवून उष्णतेच्या हवाली करणं. कडी-कोयंड्यासाठी स्क्रू मारायची वेळ आली, तर तो फळीच्या जाडीपेक्षा आखूड हवा. ध्वनिफलकाला भोक कधीच पाडू नये. वायरी पायाच्या आतल्या बाजूने केसिंगमधून न्याव्यात आणि प्लग पॉइंट पियानोच्या आड घ्यावा.

जपानमधून आलेला वापरलेला पियानो असेल तर आणखी एक वस्तू सांभाळावी लागते. तिथली वीज 100 व्होल्टची, आपली 230 ची, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर येतो आणि बहुतेक घरांत तो जमिनीवरच पडलेला असतो. जड, कोमट आणि हळू गुणगुणणारी ही वस्तू मुलांना हमखास खेचून घेते. ती उंच फळीवर, हवा खेळेल अशी ठेवावी.

पियानोच्या रिमोटमध्ये बटणाएवढा गोल सेल असेल, तर तिथे पियानोपेक्षा मुलाची काळजी मोठी. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर भाजू शकतं. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. रिमोटचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. पियानो वाजत असताना पेडलखाली बोटं जात नाहीत ना, तेही पाहावं.

पट्ट्यांवर दूध किंवा पाणी सांडलं, तर आधी भिंतीवरचं बटण बंद करावं. हेअर ड्रायर फिरवू नये आणि पट्ट्या स्वतः उपसू नयेत. सेन्सरशी जुळवलेलं अंतर बिघडलं, तर पियानो वाजेल, पण वेडावाकडा. तंत्रज्ञ येईपर्यंत वीज बंदच असू द्यावी.

एवढं सगळं केल्यावर घरात एक चूक हमखास होते. पियानोलाच कुलूप लागतं. खरं तर या वाद्याच्या पट्ट्या चांगल्याच दणकट. त्या हातांनी दाबण्यासाठीच बनलेल्या असतात, लहान मुठींचे फटके त्या मजेत सोसतात. मुलाला स्टुलावर बसवून, हात पुसून, रोज थोडा वेळ हवं तसं वाजवू द्यावं. पट्टी आपोआप खाली जात असताना तिच्यावर हलकंच बोट ठेवून ती हालचाल अनुभवू द्यावी. फक्त पट्ट्यांच्या फटीत काही घालायचं नाही, एवढा एकच नियम. वर वाजवायला मिळालं, की खाली शिरण्याचा सोस कमी होतो. ॲक्रिलिकचं दार मूल तीन-चार वर्षांचं होईपर्यंत लागेल, वाजवण्याची मुभा मात्र पहिल्या दिवसापासून हवी.