कुंकळ्ळीचे उघडे फाटक

गळिताच्या दिवसांत कऱ्हाडापासून सांगलीपर्यंत कृष्णेच्या काठाने रात्री प्रवास करणाऱ्यास डोळे मिटूनही आपण कोठवर आलो हे सांगता येते. प्रथम धुराड्याचा करपट वास येतो, मग उकळत्या रसाचा गोड आणि जड वास येतो. आणि त्यामागोमाग मोटारीच्या काचा वर करावयास लावणारा, आंबूस व किंचित कुजकट असा तिसरा वास येऊ लागला, की साखर कारखान्याच्या मागील अंगास आसवनी आहे हे निश्चित समजावे.

या तिसऱ्या वासाच्या शेजारात माझी साठी उलटली. मळी आंबवून मद्यार्क काढतात हे शाळेत मुलांना मी वर्षानुवर्षे शिकविले, फळ्यावर त्याची आकृतीही काढली. परंतु फाटकावर पहारेकरी, आत आबकारी खात्याचा अंमलदार आणि टाक्यांना खात्याची कुलुपे, असा जेथे कडेकोट बंदोबस्त, तेथे शाळामास्तराने पाऊल टाकावे असा प्रसंग कधी आला नाही. त्यामुळे गोव्यात कुंकळ्ळी येथे व्हिस्कीची एक डिस्टिलरी येणाऱ्याजाणाऱ्यास हौसेने आतून दाखविली जाते असे कानी आले, तेव्हा मला तिकडे ओढून नेले ते पेल्याच्या आशेपेक्षा या जुन्या कुतूहलानेच. बरोबर एक स्नेही होते. कृष्णाकाठच्या एका कारखान्याच्या आसवनीत बत्तीस वर्षे केमिस्टची नोकरी करून ते निवृत्त झालेले, आणि गळ्यात तुळशीची माळ असल्यामुळे एवढ्या वर्षांत मद्याचा थेंबही जिभेवर न ठेवलेले.

मडगावहून काणकोणच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले की सासष्टीतील हा गाव लागतो. कुंकळ्ळीचे नाव इतिहासात आले ते दारूसाठी नव्हे. १५८३ च्या जुलै महिन्यात, चर्च उभारण्याच्या इराद्याने आलेल्या पाच जेझुइटांना येथील गावकऱ्यांनी ठार केले. त्यांतील रुडॉल्फ अक्वाविवा हा काही महिन्यांपूर्वीच अकबराच्या दरबारातून परतलेला होता. पुढे बोलणी करण्याच्या मिषाने गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी त्यांची कत्तल केली. कुंकळ्ळीकरीण शांतादुर्गा फातर्प्यास गेली ती या धामधुमीच्या काळात. अद्यापि फाल्गुनात छत्रोत्सवाला गुलाल उधळीत ती माहेरी येते, आणि गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे घराण्यांच्या, बारा छत्र्या तिच्यासंगे नाचतात. ज्या गावाने परक्याला आत घेण्याची एवढी जबर किंमत मोजली, त्याच गावात आज पाहुण्यांसाठी मुद्दाम दार उघडून बसलेला कारखाना असावा, हे मला मोठे गमतीचे वाटले.

कारखाना औद्योगिक वसाहतीत आहे. वसाहतीत शिरताना नाकाला प्रथम भेटतो तो मासळीच्या भुकटीचा उग्र दर्प. पण पॉल जॉन या नावाची पाटी ओलांडून आत गेले की तो मागे पडतो आणि उन्हाळ्यात आपण गूळ घालून कालवितो त्या सातूच्या पिठाचा वास येऊ लागतो. हे साम्य केवळ भासमान नाही. उत्तर हिंदुस्थानात पिकणारा, सहा ओळींच्या कणसाचा सातू हाच येथील व्हिस्कीचा कच्चा माल आहे. त्याला मोड आणून, वाळवून, भरडून ऊन पाण्यात कालवितात, तेव्हा पिठातल्या सत्त्वाची साखर होते. ते गोड पाणी यीस्ट घालून आंबवितात. आणि आंबलेले पाणी तांब्याच्या भल्यामोठ्या हंड्यांत दोन वेळा तापवून त्याची वाफ थंड करून घेतात. काही प्रकारांसाठी स्कॉटलंडहून आणलेल्या पीट नावाच्या दलदलीतल्या मातीचा धूर सातूला देतात, आणि मग त्या पेल्याला धुराची व औषधाची झाक येते. कंपनी बंगळूरची, माल गोव्याचा, आणि पहिली विक्री २०१२ साली लंडनमध्ये. त्याआधी, २००४ साली, बंगळूरच्याच अमृतने आपली सिंगल माल्ट व्हिस्की ग्लासगोत नेऊन विकावयास काढली होती. स्वदेशी मालाला स्वदेशात मान मिळण्यासाठी आधी विलायतेची वारी करावी लागते, हा आपला जुना रिवाज दोघांनीही पाळला म्हणावयाचा.

माहिती सांगणारी मुलगी विशीतली होती. कोकणी वळणाच्या मराठीत ती उत्साहाने बोलत होती. आंबवणाच्या टाकीचे झाकण सारून तिने वास घ्या म्हटले, तेव्हा इतर पाहुण्यांनी भसकन नाक आत घातले आणि कर्बवायूच्या झिणझिण्यांनी डोळे पुशीत ते मागे सरले. आमच्या स्नेह्यांनी मात्र टाकीच्या काठाशी तळहाताने वारा घेत घेत, वैद्य नाडी पाहतो त्या धिमेपणाने वास घेतला, फेसाच्या बुडबुड्यांकडे मिनिटभर पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हटले, “मास्तर, वास निराळा, पन काम त्येच.” त्या मुलीस या पाहुण्याचा हात या धंद्यातून फिरलेला आहे हे तत्क्षणी उमगले, आणि पुढला तासभर ती आम्हा इतरांस विसरून त्यांच्याशीच बोलत राहिली.

दुसऱ्या हंड्यातून जे उतरते त्याचे तीन भाग करतात. आरंभीची धार विषारी व उग्र, शेवटची तेलकट. दोन्ही बाजूस सारून मधलीच तेवढी पिंपात भरावयाची. आपल्याकडे हातभट्टीच्या शौकिनांत ‘पहिल्या धारेची’ या शब्दांना जो डौल आहे तो येथे क्षणात उतरतो, कारण जी धार आपल्याकडे फुशारकीने मागितली जाते, तिलाच येथे आधी बाहेरची वाट दाखविली जाते. पिंपे अमेरिकेहून येतात, पांढऱ्या ओकच्या लाकडाची, एकदा बर्बन भरून रिकामी झालेली. तळघरात त्यांच्या रांगा लागलेल्या आहेत. अंधारात व्हॅनिलाचा आणि ओल्या लाकडाचा असा काही मधुर वास कोंडलेला असतो, की माळकऱ्यानेही तेथे चार पावले रेंगाळावे. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला शेकडा दोन भाग हवेत उडून जातात. गोव्याच्या उन्हाळ्यात आठदहा. उडून गेलेल्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात. आमच्या स्नेह्यांना ही कल्पना मुळीच रुचली नाही. एवढी तूट त्यांच्या दप्तरात निघाली असती तर आबकारी इन्स्पेक्टरने त्यांच्याकडून लेखी खुलासा मागितला असता, आणि त्यात देवदूतांचे नाव घालता आले नसते. गरमीने तूट वाढते हे खरे, पण त्याच गरमीने माल लवकर मुरतो हेही खरे. येथील पाचसहा वर्षांचा माल चांगलाच प्रौढ समजला जातो.

अखेरीस छोट्या पेल्यांतून चव दिली जाते. स्नेह्यांनी पेला उजेडाला धरला, कलता केला, दूर धरून नंतर जवळ आणून हुंगला, आणि माझ्या हाती देत निकाल सांगितला: “पयली धार नीट काढून टाकल्याली हाय.” मी तो घेतला. मध, संत्र्याची साल आणि मागाहून जिभेवर राहणारी मिरीची ऊब, एवढे मला जाणवले. याहून अधिक वर्णन करणाऱ्या रसिकांच्या कल्पनाशक्तीबद्दल मला आदर आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. आपल्या देशात व्हिस्की या नावाने जे खपते त्यातील बराच हिस्सा सातूचा नसून मळीचा असतो; मळीच्या शुद्ध मद्यार्कात थोडी माल्ट मिसळली, रंग घातला, की आपल्या कायद्याप्रमाणे ती व्हिस्की होते. युरोपात मात्र धान्यापासून न केलेल्या मद्याला ते नाव लावता येत नाही. म्हणजे कुंकळ्ळीची गोष्ट दिसते तितकी परकी नाही. एक टन उसामागे साधारण ४० किलो मळी निघते, एक टन मळीमागे सव्वादोनशे ते अडीचशे लिटर मद्यार्क. म्हणजे उसाचा एकेक टन मागे सुमारे दहा लिटर मद्यार्क ठेवून जातो. तो कोठे जातो? काही औषधांत, काही रसायनांत, हल्ली मोठा भाग पेट्रोलमध्ये मिसळण्याच्या इथेनॉलसाठी, आणि उरलेला देशी व ‘विदेशी’ बाटल्यांत. वाळवे, पलूस, कऱ्हाड, वाई येथल्या ज्या शेतकऱ्याने ऊस घातला, त्याला साखरेचा उतारा दशांश चिन्हापुढील आकड्यांसह तोंडपाठ असतो. पण हा हिशेब त्याच्या दृष्टीस पडत नाही.

त्याला कारणेही आहेत, आणि ती सगळीच क्षुद्र नाहीत. या मुलखाचा दारूशी असलेला संबंध अवघडलेला आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने बेचाळीसनंतर गावोगाव दारूबंदीची मोहीम चालविली. २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या वसंतदादांनी पुढे सांगलीत साखर कारखाना काढला, आणि कालांतराने त्याच कारखान्याला आसवनीची जोड मिळाली. १९४९ चा दारूबंदीचा कायदा आजही दारूबंदीच्याच नावाने चालतो आणि दारूचेच परवाने देतो. ज्या घरातील आजोबा भट्ट्या फोडीत होते त्या घरातील नातू मद्यार्काच्या टाकीचे मीटर वाचतो. याविषयी बोलणे कोणालाच सोयीचे नसते, आणि मग न बोलण्यासाठी फाटक बंद ठेवणे हाच सर्वात सोपा उपाय ठरतो. दुसरे कारण नदीचे. एक लिटर मद्यार्कामागे दहाबारा लिटर काळसर सांडपाणी उरते. त्याचा बायोगॅस करता येतो, खत करता येते, आटवून जाळताही येते. पण मळीमिश्रित पाण्याने कृष्णेत मासे मेल्याची बातमी सांगलीकरांस नवी नाही.

परतताना आंबोलीचा घाट चढत असता स्नेही बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बत्तीस वर्सं आमच्या मंडळीनं माजं शर्ट धुतलं. वासावरनं कोन्त्या पाळीला व्हतो ते वळखायची. पन म्या काम करतो ती जागा काय तिनं कवा बगितली न्हाय.” इकडे त्या गोव्याच्या मुलीने सुटीच्या दिवशी आपल्या आईलाही सारा कारखाना फिरवून दाखविला होता, हे तिने आम्हाला बोलता बोलता सांगितलेले होते.

स्कॉटलंडच्या आयला बेटावर मे महिन्याच्या अखेरीस संगीताचा आणि व्हिस्कीचा उत्सव भरतो, आणि त्या आठवड्यात एकेक दिवस एकेका डिस्टिलरीचा असतो. त्या दिवशी आवारात वाद्ये वाजतात, कामगारांची मुले धावतात, आणि आसपासचा शेतकरी व समुद्रापलीकडून आलेला रसिक एकाच रांगेत उभे राहतात. मद्यार्काची वाफ तेथेही पेट घेते, सरकारी कर तेथेही जबर असतो, हिशेबाचे कायदे तेथेही कडक आहेत. तरीही फाटक उघडे असते, आणि हे आपल्याला परके वाटण्याचे खरोखर कारण नाही, कारण गुऱ्हाळाच्या दारावरून जाणाऱ्या वाटसरूला रस पाजल्याविना, हातावर गरम गूळ आणि पोराच्या डब्यात काकवी दिल्याविना पुढे जाऊ देणे हे याच सातारा-सांगलीच्या मुलखात कालपरवापर्यंत लाजिरवाणे समजले जात असे. काहिलीपाशी उभे राहून गुळव्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्रत्येकाला होता. ऊस तोच राहिला, चुलवाण मोठे झाले, आणि मध्ये भिंत आली.

म्हणून कृष्णाकाठच्या संचालक मंडळींपाशी एक विनंती आहे. सभासदांना दिवाळीची सवलतीची साखर आपण देताच. वार्षिक सभेच्या दिवशी आसवनीचे फाटकही चार तास उघडे ठेवावे. पेला कोणी मागत नाही. आंबवणाची टाकी दाखवावी, मद्यार्काचा मनोरा दाखवावा, कामगारांच्या बायकामुलांना आधी आत घ्यावे, आणि शेवटी ते काळे पाणी कोणत्या पाटाने कोठे जाते, तेथवर सर्वांना चालवीत न्यावे.